सोलापूरचा डॉक्टर, परमुलखातली समाधी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पाहुणे आले, की कार्यक्रम ठरलेला. सकाळी सिद्धेश्वराचे दर्शन, दुपारी चादरींची खरेदी आणि परतताना पिशवीत शेंगांची चटणी. तळ्यातल्या देवळात सिद्धरामेश्वरांच्या योगसमाधीपुढे हात जोडून झाले, की कुणीतरी हटकून विचारते, “आणखी कुणा मोठ्या माणसाची समाधी आहे का हो सोलापूरकरांत?” मी सांगतो, “आहे. पण ती पाहायला चीनला जावे लागेल!”

पाहुणे हसतात, पण ही थट्टा नव्हे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. डॉक्टरी मुंबईस शिकले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. पुढल्या वर्षी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि पाचवे आपले कोटणीस. वयाला तेव्हा अठ्ठाविसावे चालू होते.

बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस मात्र राहिले, चिनी भाषा शिकले, आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ साली अशाच कामात बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. तिथेच परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस!

आपली रीत अशी, की देह अग्नीला द्यायचा आणि अस्थी नदीत सोडायच्या. कोटणिसांच्या घरच्यांच्या वाट्याला अस्थीही आल्या नाहीत. हेबेई प्रांतात शिजियाझुआंग शहरी हुतात्म्यांचे स्मशान आहे. तिथे बेथ्यून आहेत आणि तिथेच आपले कोटणीसही आहेत. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी ते थडगे आजही जपलेले आहे. यिनहुआ वैद्यक शिकत असतानाच १९६७ साली वारला. चिंगलानबाई २०१२ सालापर्यंत होत्या.

आपण काय केले? व्ही. शांतारामांनी १९४६ साली चित्रपट काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. भैया चौकातल्या कोटणिसांच्या जुन्या घराचे स्मारक झाले. दोन्ही गोष्टी उत्तमच. मुलांना ते घर अवश्य दाखवावे.

पण वाचकहो, एक गोष्ट मला खटकते. स्मारकापुढे आपण मान लववतो आणि घरी आल्यावर डॉक्टर झालेला मुलगा “आडगावच्या सरकारी दवाखान्यात जातो” म्हणाला, की आपल्या घशाखाली घास उतरत नाही. “एवढा खर्च केला तो यासाठी का?” असे विचारणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. कर्ज फेडायचे असते, लग्न करायचे असते. पण असल्या काळज्या १९३८ सालीही मध्यमवर्गीय घरांत होत्याच की!

चीन फार दूर आहे. आडगाव तासाभराच्या एस.टी.वर असते. मुलगा तेवढे जायला निघाला, तर या दिवाळीत त्याला फराळाचा डबा बांधून द्यावा. कोटणिसांची आठवण ठेवायची ती अशी.