दुपारी बागेला कुलूप का?

मैत्रिणींनो, आमच्या नवी मुंबईच्या वाट्याला थंडी येते ती किती? डिसेंबर, जानेवारी आणि फार तर अर्धा फेब्रुवारी. बाकी वर्षभर घाम, नाहीतर पाऊस! उन्हाचा तडाखा काय करतो, ते एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. म्हणून दुपारी उघड्यावर निवांत बसता येईल असे हे दोन-अडीच महिने फार मोलाचे.

बागांची तशी वानवा नाही. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने सेक्टर पाडून हे शहर वसवले, त्यात बागांना जागा ठेवली. नेरुळला वंडर्स पार्क आहे, वाशीला खाडीकाठी सागर विहार. खारघरला सेंट्रल पार्क आहे आणि 2023 मध्ये मेट्रो धावू लागल्यापासून त्याच नावाचे स्टेशनही आहे.

पण ही जमीन मुळात कुणाची? 95 गावांतल्या शेतकऱ्यांची, त्यात आगरी-कोळी मोठ्या संख्येने. या भागात थंडीत शेतावर पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ आणि गप्पा मारत बसलेले अख्खे घर! घाटावर हुरडा असतो, तसेच हे. शेताच्या जागी इमारती आल्या. आता शहरातल्या बाईचे शेत म्हणजे सेक्टरमधली बाग.

या बागेत ती जाणार कधी? सकाळ डब्यांत जाते, संध्याकाळ मुलांचा अभ्यास आणि कुकरच्या शिट्ट्यांत. हाताशी राहते ती दुपार. आणि नेमक्या त्याच वेळी कितीतरी शहरांत सार्वजनिक बागांना कुलूप असते. पुण्यातसुद्धा बऱ्याच बागा सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, एवढ्याच उघड्या. झाडलोट, पाणी घालणे, 'जोडपी येऊन बसतात' अशी कारणे सांगतात. एप्रिलमध्ये दुपारी तिकडे कुणी फिरकत नाही, हे खरेच. पण जानेवारीतही तेच वेळापत्रक कशाला?

गंमत म्हणजे, थंडीत दुपारच आरोग्याला बरी. पहाटे गार हवा जमिनीलगत साचते आणि धूळ, धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन वर आले की हवा हलते, धूर पांगतो. बांधकामांनी आणि कारखान्यांनी वेढलेल्या आमच्या शहरात हे डोळ्यांना दिसते. मुंबईच्या हवेची तर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. शिवाय 'ड' जीवनसत्त्व मिळते ते डोक्यावरच्या उन्हातच. तरी 'पहाटे फिरा' हाच सल्ला आपण एकमेकींना देत राहतो!

आणखी एक अडचण आपल्या मनातली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईतल्या बायकांवरचे पुस्तक 2011 मध्ये आले. बाई बाहेर दिसली की तिच्याकडे काहीतरी काम असायलाच हवे, अशी अपेक्षा असते, असे त्या सांगतात. पटते ना? भाजीची पिशवी हातात असली की आपण कुठेही जातो. नुसते बाकावर बसायचे म्हटले की संकोच वाटतो. पुरुष मात्र तासन् तास पारावर बसतात, त्यांना कुणी विचारत नाही.

मला वाटते, ही मागणी करण्याइतकी मोठी गोष्ट आहे. बागा आणि मैदाने हे नगरपालिकेचे काम आहे, असे 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत लिहिलेले आहे. आमच्या महापालिकेची मुदत 2020 च्या मे महिन्यात संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते, गाऱ्हाणे सांगायला नगरसेवक नव्हता. पण महाराष्ट्रात 2011 पासून पालिकांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्या गावातही वॉर्डातली एखादी ताई निवडून गेली असेलच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवा. वाण घ्या, तिळगूळ द्या आणि सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्जही हातात ठेवा. मागणे साधेच: थंडीत बाग दुपारी उघडी, आत स्वच्छ स्वच्छतागृह आणि दाराशी एक राखणदार. पुढच्या थंडीत दुपारी कुलूप निघाले, तर शेंगदाणे सोलत बसायला आधी आपणच जायचे.