सहा महिन्यांची आई

आमच्या कोथरूडच्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. एक स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, संकष्टी. दुसरं माझ्या फोनमधली एक्सेल शीट. तिच्यात एकच हिशेब आहे: आई-बाबा अमेरिकेतून परत आल्याला किती दिवस झाले. १५० झाले की रकाना पिवळा होतो, १७० झाले की लाल. ही शीट मी बनवली. त्यामुळे पुढे जे बोलणार आहे, त्यातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

दादा न्यू जर्सीत असतो. स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी तो अकरा वर्षं रांगेत होता, कारण नोकरीवरून कार्ड मागणाऱ्यांमध्ये कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही, आणि भारतातून अर्ज करणारे अफाट. पुढे तो नागरिक झाला. नागरिकाच्या आईवडिलांना मात्र वार्षिक कोटा नसतो, त्यामुळे आई-बाबांची कार्डं त्या मानाने झटकन आली. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ती वस्तू कुणी परत करू शकतं, हे दादाच्या डोक्यात शिरतच नाही. मी ते समजू शकते.

पण झालं काय? आई-बाबा साडेपाच महिने पुण्यात राहतात, मग पाच आठवडे तिकडे जाऊन येतात. वर्षातून जवळपास दोनदा, गेली पाच वर्षं. गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. पुढे तीन महिने फिजिओथेरपी. शीटवर तो १३२वा दिवस होता. "आधी जाऊन ये, मग करू," हे वाक्य माझं. आई व्हीलचेअरवरून विमानात चढली.

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही कुठे राहता?" आई निवृत्त शिक्षिका. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं एवढंच तिला माहीत. ती म्हणाली, "कोथरूड." बाबांनी घाईघाईने सावरलं, अधिकाऱ्याने समज देऊन सोडलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर हा विनोद चालला. मीही हसले. नंतर लक्षात आलं, आमच्या घरात त्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी ती एकटीच आहे.

म्हणून सरळ सांगते. ज्यांचं घर इथे आहे, त्यांची तिथली ग्रीन कार्डं जिवंत ठेवण्याचा हा उद्योग आपण बंद करायला हवा.

एक तर ज्या नियमावर तो उभा आहे, तोच आपण अर्धवट ऐकलेला आहे. "सहा महिन्यांत एकदा पाय लावून आलं की झालं," असं प्रत्येक सोसायटीत कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात, तर तुमच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येतं, आणि वर्ष उलटलं तर प्रवेशासाठी नुसतं कार्ड पुरत नाही, हे खरं. पण १८० दिवसांच्या आत परतलात म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. खरा प्रश्न असतो तो असा: तुमचा बाहेरचा मुक्काम तात्पुरता होता का? घर कुठे आहे, कर कुठे भरता, परतायचं कधी ठरलं होतं? आईच्या बाबतीत तात्पुरता मुक्काम तिकडचा आहे. आय-१३१ फॉर्म भरून जास्तीत जास्त दोन वर्षांचं री-एंट्री परमिट मिळतं, पण तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि तेही तिथे परत राहायला येणाऱ्यांसाठी आहे.

कॅनडाचा नियम बघा. पाच वर्षांत ७३० दिवस, सलग नसले तरी चालतील. बोटावर मोजा आणि मोकळे व्हा. अमेरिका मात्र दिवसांबरोबर हेतूही बघते. आम्ही दिवस मोजत बसलो, कारण हेतू विचारायची आमची हिंमत नव्हती.

आता नेहमीचे मुद्दे. "म्हातारपणी तिथले उपचार मिळतील." तिथे कधी नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला पैसे भरून मेडिकेअर घ्यायचं असलं, तरी वयाच्या ६५ वर्षांबरोबर सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. "पुढेमागे नागरिकत्व घेतील." त्यासाठी पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथे असावं लागतं, आई-बाबांचे वर्षाला जेमतेम अडीच भरतात. "असू दे, काय खायला मागतंय?" मागतं की. कार्डधारक अमेरिकेचा करदाता समजला जातो आणि त्याचं जगभरचं उत्पन्न हिशेबात येतं. बाबांची पेन्शन आणि एफडीचं व्याजसुद्धा. अमेरिकेबाहेरच्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर ते वेगळं कळवावं लागतं. करापुरतं "मी अनिवासी" म्हटलंत, तर तेच तुमच्या कार्डाविरुद्ध वापरता येतं. आणि १५ वर्षांतली किमान ८ करवर्षं कार्ड बाळगलंत, की ते परत करतानाही करखात्याचे वेगळे नियम लागू होऊ शकतात.

जे खरोखर तिथे राहतात आणि आजारी वडिलांसाठी आठ महिने इथे अडकले, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. तात्पुरती गैरहजेरी म्हणजे नेमकं तेच. त्यांनी कागद जपून ठेवावेत आणि विमानतळावर कुणी आय-४०७, म्हणजे निवास सोडल्याचा फॉर्म, पुढे केला तर घाबरून सही करू नये. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क त्यांना आहे.

दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. "दोघांपैकी एकच उरलं, आणि तेव्हा व्हिसा नाकारला तर?" ही भीती खरी आहे. कार्ड परत केल्यावर व्हिजिटर व्हिसा मिळेलच, याची हमी कुणी देत नाही. पण नागरिक मुलाला आईवडिलांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. वेळ लागतो, दार कायमचं बंद होत नाही. आणि त्या एका संभाव्य दिवसाचा हप्ता आई आज स्वतःच्या गुडघ्याने भरते आहे.

खरी गोष्ट याहून अवघड आहे. कार्ड आहे तोवर "शेवटी तिकडे जातील" असं मला म्हणता येतं आणि "सध्या तिकडेच बऱ्या आहेत" असं दादाला. म्हातारपणी त्यांना कोण सांभाळणार, याबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललेलो नाही. आमचं ते न बोलणं त्या कार्डावर निभतं.

परवा मी आईला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "मला उन्हाळ्यात जायचंय, मुलांना सुट्टी असते तेव्हा. तुमच्या लाल रकान्यामुळे मी दर जानेवारीत जाते. ती शाळेत, मी खिडकीत." नातवंडांसाठी म्हणून काढलेल्या कार्डाने तिला नातवंडांची एक अख्खी सुट्टी मिळू दिली नव्हती.

आय-४०७ छापून टेबलावर ठेवलाय. सही करायची की नाही, ते ती ठरवेल. दादा अजून तयार नाही. "एक फेरी होऊ दे, मग बघू," म्हणतो. पण ऑपरेशनची तारीख घेतली आहे. १८०वा दिवस फिजिओथेरपीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, हे मी शेवटचं मोजलं. कालनिर्णयवर, गॅसच्या तारखेच्या दोन घरं पुढे, आईने पेन्सिलीने लिहिलंय: गुडघा.