ओरडण्याआधी विचारा, "रात्री किती वाजता झोपलास?"



प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच. पहिल्याच तासाला शेजारच्याची पेन्सिल ओढणार, जागेवर बसणार नाही, जरा बोललं की डोळ्यांत पाणी. आपण लगेच "खोडकर आहे", "लक्षच नसतं" असं म्हणून मोकळे होतो.

माझ्या दुसरीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. ओरडून ओरडून मी दमले. एक दिवस जवळ घेऊन विचारलं, "रात्री किती वाजता झोपलास रे?" तो सहज म्हणाला, "पप्पा गाडा बंद करून आल्यावर. बारा वाजता." सकाळी सातच्या शाळेसाठी सहाला उठणं. म्हणजे झोप जेमतेम सहा तास! माझा राग तिथेच ओसरला.

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की ते पेंगतं. लहान मूल अनेकदा उलट वागतं. जास्त पळतं, चिडतं, हट्ट करतं. म्हणून त्याचं दुखणं आपल्याला खोडी वाटते.

झोपतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं. सततच्या अपुऱ्या झोपेने वजन वाढण्याचा धोकाही असतो.

शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेसाठीच. निर्णय चांगलाच आहे. पण "उद्या उशिरा उठायचंय" म्हणून मोबाईल रात्री आणखी तासभर चालू राहिला, तर मिळवलं काय?

आणि आपण शिक्षक? रात्री नऊला ग्रुपवर "उद्या चार्ट आणा" असा मेसेज टाकतो, तेव्हा त्या घरातली झोप आपणच उडवतो. हे थांबायला हवं.

त्या मुलाच्या पप्पांना मी दोष दिला नाही. पोटासाठी गाडा लावावाच लागतो, आणि मूल जागत होतं ते त्यांच्या भेटीसाठी. आम्ही एवढंच ठरवलं, की त्याने आईजवळ साडेनऊला झोपायचं आणि सकाळी शाळेत सोडायला पप्पांनी यायचं. मुलगा काही आठवड्यात शहाणा झाला नाही. पण महिन्याभराने पहिला तास शांत जाऊ लागला.

मूल रोज घोरत असेल, किंवा पुरेसं झोपूनही पेंगत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बाकी औषध घरातच आहे. रात्री ठरलेल्या वेळी दिवा मालवा, आणि मोबाईल आधी आपला ठेवा. मुलं आपलं बघूनच शिकतात, नाही का?