संमतीचे कुलमुखत्यारपत्र

जगदलपूरच्या एका बाईने मरण्यापूर्वी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला होता. नवऱ्याने बळजबरी केली आणि त्यामुळे आपली ही दशा झाली, असे तिने सांगितले आणि ती गेली. ही घटना २०१७च्या डिसेंबरमधली. शवविच्छेदनात आतल्या जखमा आणि पोटात पसरलेला संसर्ग आढळला. सत्र न्यायालयाने २०१९मध्ये नवऱ्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. छत्तीसगड उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२५ला ती रद्द केली. बलात्काराचे कलम गेले, अनैसर्गिक कृत्याचे गेले, सदोष मनुष्यवधाचेही गेले. एक बाई मेली आणि त्याबद्दल कायद्याच्या दृष्टीने कुणीच दोषी उरले नाही. हा निकाल संतापजनक आहे.

पत्नी पंधरा वर्षांखालील नसेल तर पतीने केलेल्या लैंगिक कृत्याला बलात्कार म्हणता येत नाही, म्हणून तिच्या संमतीच्या अभावाला महत्त्व उरत नाही, असे न्यायालय म्हणते. पंधरा हा आकडा तरी कुठून आला? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७मध्येच ती मर्यादा अठरावर नेली आहे. पण वयाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. बलात्काराच्या कलमात पतीला अपवाद आहे आणि तो संसदेने काढलेला नाही, हे खरे. तो अपवाद बलात्काराच्या कलमापुरताच आहे. बायकोच्या शरीराला जीव जाईल अशी इजा करण्याची मुभा नवऱ्याला कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. सदोष मनुष्यवध कसा सिद्ध होतो याची कारणे सत्र न्यायालयाने नीट नोंदवली नाहीत, असा उच्च न्यायालयाचा आक्षेप आहे. मग अपिलाचे न्यायालय कशासाठी असते? पुरावा नव्याने तपासण्याचा, गरज पडल्यास खटला परत पाठवण्याचा पूर्ण अधिकार त्याला होता. खालच्या न्यायाधीशाच्या लेखणीतल्या उणिवेची किंमत मेलेल्या बाईने का मोजायची?

इंग्रजांच्या राज्यात, १८९०मध्ये, कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला चालला. दहा-अकरा वर्षांची ती पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मेली. तेव्हा संमतीवय दहा होते, त्यामुळे बलात्काराचा आरोप लागू शकला नाही. तरीही जीव धोक्यात येईल अशी गंभीर दुखापत केल्याबद्दल न्यायालयाने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. ती शिक्षा अपुरीच होती, पण लग्न झाले म्हणून जखम नाहीशी होत नाही, एवढे तरी परक्यांच्या न्यायालयाला दिसले. त्यानंतर १८९१मध्ये संमतीवय बारा झाले. ते वाढवणाऱ्या विधेयकाला ‘केसरी’ने कडाडून विरोध केला आणि आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्राने हा वाद सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घातला आहे. मुंबईच्या रखमाबाईंना तर १८८७मध्ये उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले होते. त्यांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे पैसे देऊन तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतून बायकांची सेवा केली.

आणि आपण आज कुठे आहोत? ज्या तरतुदीने रखमाबाईंना कोर्टात ओढले, तिचीच आवृत्ती हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात जिवंत आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. गुलामीच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा करत जुलै २०२४मध्ये भारतीय न्याय संहिता आली. तीत पतीचा अपवाद शाबूत आहे, फक्त वय अठरा झाले. न्यायमूर्ती वर्मा समितीने तो काढा असे २०१३मध्ये स्पष्ट सांगितले होते. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ते पडून आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सुनावणी सुरू झाली, पण तेव्हाच्या सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आली म्हणून थांबली. न्यायाधीश निवृत्त होणारच. बायकांनी किती निवृत्त्या मोजायच्या?

याच प्रकरणातले केंद्राचे प्रतिज्ञापत्र तर अधिक क्लेशदायक आहे. पत्नीच्या संमतीचा भंग करण्याचा मूलभूत हक्क पतीला नाही, असे ते मान्य करते आणि पुढे या कृत्याला बलात्कार म्हणणे अति कठोर होईल असे सांगते. कठोर कुणाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांमध्ये शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणी तेव्हाच्या नवऱ्याकडेच बोट दाखवतात. विवाहसंस्था धोक्यात येईल, हे पालुपद आता पुरे. ज्या विवाहसंस्थेची काळजी वाहिली जाते, तिच्यातच नवरा ‘नातिचरामि’ म्हणतो. धर्मात, अर्थात आणि कामातही मी मर्यादा ओलांडणार नाही, असा त्याचा अर्थ. तो शब्द त्याने दिलेला असतो, तिने नव्हे.

लग्न म्हणजे संमतीचे कुलमुखत्यारपत्र नव्हे. जमिनीचे साधे कुलमुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याला रद्द करता येते. बाईच्या शरीराचे तेवढे रद्द होत नाही, असे मानणारा कायदा स्वतःशीही सुसंगत नाही. पत्नी वेगळी राहत असेल तर तिच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पतीला हाच कायदा दोन ते सात वर्षांची शिक्षा देतो. म्हणजे घराचा उंबरठा ओलांडून बाहेर गेली की तिचा नकार खरा, आणि आत असली की खोटा! गर्भपाताच्या कायद्यापुरते का होईना, पतीकडून बलात्कार होऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयानेच २०२२मध्ये मान्य केले आहे. खोट्या तक्रारींची भीती दाखवली जाते. खोट्या तक्रारी चोरीच्याही होतात, म्हणून चोरी कुणी गुन्ह्यांच्या यादीतून काढत नाही. जगदलपूरची बाई तर मरणाच्या दारात बोलली होती.

छत्तीसगड सरकारने या निकालाविरुद्ध तातडीने सर्वोच्च न्यायालयात जायला हवे. सरकार गेले नाही तर राज्याच्या महिला आयोगाने त्याला जाब विचारावा. सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या अपवादाला आव्हान देणाऱ्या याचिका नव्या खंडपीठापुढे लावून सलग सुनावणीची तारीख जाहीर करावी, आणि सुनावणीच्या पहिल्या दिवशी सरकारी वकिलांना दंडाधिकाऱ्यांनी लिहून घेतलेला तो जबाब मोठ्याने वाचायला सांगावे.