वडिलांचा वस्तरा

कठोपनिषदांत आत्मज्ञानाच्या मार्गास वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तो मंत्र आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविला. 'क्षुर' म्हणजे वस्तरा, असें मुलांकडून घोकून घेतलें. मात्र क्षुरास ती धार येते कशी, हें त्या तीस वर्षांत आम्हीं कोणास विचारलें नाहीं, आणि नवल हें कीं आम्हांसही कोणा विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर तो धडा आम्हांस जरा महाग पडला.

आमच्या वडिलांनीं १९४६ सालीं मुंबईस नोकरी लागतांच शेफील्डचा एक वस्तरा घेतला होता. पुढें सुटीं पातीं घरोघर आलीं, तरी त्यांनीं तो सोडला नाहीं. प्रातःकाळीं खुंटीस अडकविलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर तो फिरविण्याचा सपसप आवाज ऐकूनच आम्ही भावंडें जागीं होत असूं. त्यांच्या पश्चात् तो ट्रंकेंत पडून राहिला. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं तो बाहेर काढला, तों धार बोथट झालेली, आणि धारेलगतचा उतार टाचेकडे दीड मिलिमीटर रुंद तर टोंकाकडे केंसाएवढा.

'उतार' हा शब्द आम्ही सोयीसाठीं योजीत आहों. वस्तऱ्याचें पातें दोन्ही अंगांनीं पोकळ तासलेलें असतें. दगडावर तें आडवें ठेवलें असतां त्याचीं दोनच स्थळें टेकतात: जाड पाठ आणि धार. घासतां घासतां धारेलगत जी चकचकीत उतरती कड तयार होते, तोच हा उतार. आणि दोन्ही अंगांचे उतार जेथें एकमेकांस मिळतात ती धार. चाकूस धार लावतांना कोन हातानें सांभाळावा लागतो. येथें तो पाठच सांभाळते. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि तिच्यापासून धार १७ मिलिमीटर दूर असेल, तर कोन १६ ते १७ अंशांच्या दरम्यान येतो. पाठ व धार दोन्ही बरोबरच झिजत असल्यामुळें पुष्कळ वर्षांनींही तो फारसा ढळत नाहीं. ज्या अनाम कारागिरास ही योजना प्रथम सुचली, त्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

हें ज्ञान अर्थातच मागाहूनचें. त्या वेळीं आम्हांस दिसलें तें एवढेंच कीं, उतार वेडावांकडा आहे. तो सारखा करावा म्हणून वडिलांच्याच जुन्या दगडावर पाणी घालून आम्हीं अरुंद बाजूस बोटाचा दाब दिला आणि आठ दिवस घासलें. परिणाम असा झाला कीं, टाच आणि टोंक झिजलें, मधला भाग होता तसाच बोथट राहिला, आणि पाठीवर दोन्ही अंगांस एक सपाट पांढरा पट्टा उमटला.

शेवटीं वेशीजवळच्या दुकानांतील वृद्ध नाभिक, ज्यांना सारा गांव नाना म्हणतो, त्यांच्याकडे गेलों. दुकानांत हल्लीं त्यांचा मुलगा बसतो. रक्तावाटे रोग पसरूं नयेत म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकास नवें सुटें पातें वापरतो, आणि तें योग्यच आहे. नानांचे जुने वस्तरे तेल लावून पेटींत ठेवलेले आहेत. नानांनीं आमचा वस्तरा उजेडाकडे धरून दोन्ही अंगांनीं पाहिला आणि विचारलें, "मास्तर, दगड कुठाय?"

दगड आम्हीं नेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीं नेला. त्यांनीं त्यावर लोखंडी फूटपट्टी उभी धरली, तों मध्यें तिच्याखालून उजेड दिसला. "यावर विळी घासलीत का हो घरांत?" घासली होती, वडिलांच्या मागें तो दगड स्वयंपाकघरांतच गेला होता. "मग खळगा पडणारच. त्या वस्तऱ्याला उगीच मारलंत तुम्ही."

दगडावर शिसपेन्सिलीनें चौकडी आंखावी, जाड काचेवर पॉलिशपेपर ओला करून पसरावा, आणि दगड त्यावर घासावा. मधल्या रेघाही पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. आमच्या दगडास त्यासाठीं दोन संध्याकाळ लागल्या. मग उताराच्या दोन्ही अंगांस शाई लावावी (आम्हीं नातवाच्या दप्तरांतील मार्कर घेतला), आणि धार पुढें ठेवून, दाब न देतां, वस्तरा चार-दोन वेळांच दगडावर फिरवावा. जेथें शाई राहिली तेथें दगड पोहोंचलेला नाहीं.

शाई धारेपर्यंत सर्वत्र गेली, तर उतार रुंद-अरुंद असला तरी कांहीं बिघडत नाहीं. हें मान्य करणें आम्हांस फार जड गेलें; शुद्धलेखन तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास वांकडी रेघ पाहवत नाहीं. पण पाठ एके ठिकाणीं किंचित् जाड असली, कीं तेथें उतार अरुंद येणारच. तो डोळ्यास खटकतो, गालास नाहीं. शोभेसाठीं घासून जें पोलाद घालवावें, तें परत येत नाहीं.

पातेंच थोडें वांकलेलें असेल, तर त्याचें आंत वळलेलें अंग रुंद दगडावर दोन टोंकांनींच टेकतें, आणि मध्यें शाई राहते. तेव्हां दगडाची दोन बोटें रुंदीच वापरावी व वस्तरा टाचेपासून टोंकाकडे तिरकस ओढीत न्यावा, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग क्रमानें दगडावर येतो. परततांना तो पाठीवर उलटवावा, धारेवर कदापि नव्हे. पाठ अधिक झिजूं नये म्हणून तिच्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी एकपदरी लावावी. तिनें कोन सुमारें एका अंशानें वाढतो, म्हणून एकदां लावली कीं शेवटपर्यंत ठेवावी.

हें सर्व १००० क्रमांकाच्या दगडावर, आणि येथें घाई करूं नये. दोन्ही उतार धारेशीं मिळाले नसतील, तर पुढचे ४००० व ८००० चे बारीक दगड नुसती चकाकी देतात. धार दिव्याखालीं धरून सरळ वरून पाहावी. जेथें प्रकाशाचा ठिपका चमकेल तेथें ती बोथट आहे. पुढें दाब कमी कमी करीत अखेरीस वस्तऱ्याचें वजन तेवढेंच राहूं द्यावें. चामड्यावर दिशा उलटी, पाठ पुढें. आणि पट्टा ताणलेला असावा. बेल्जमच्या आर्देन भागांतील पिवळसर दगड या कामीं फार नांवाजलेला आहे. त्यांतील गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद कापतात. नानांचा दगड कोठला, हें त्यांसही माहीत नाहीं. तो त्यांच्या आज्यापासून आहे.

आमच्या वस्तऱ्याच्या मधल्या भागावरील शाई जाण्यास पंधरा दिवस लागले. उतार अजूनही टाचेशीं रुंदच आहे. पाठीवरचे ते पांढरे पट्टे आम्हीं पाडलेले. ते रोज दिसतात. पहिल्या श्मश्रूच्या वेळीं हनुवटीखालीं कापलें, तें नानांस सांगितलें, तर ते म्हणाले, "तो हात, मास्तर. आतां दगडाला बोल नको."

विळीसाठीं वेगळा दगड आणला आहे. जुना आतां आमच्या टेबलाच्या खणांत असतो. त्यावरून घरांत एक दिवस थोडें बोलणें झालें, तें येथें लिहीत नाहीं.