डिसूझाचं नाव का अडकतं?

फेस्टचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजात एक-दोघांच्या गळ्यात वेबसाइट पडते. ‘रजिस्ट्रेशन ऑनलाइन पाहिजे हं,’ एवढं सांगून जीएस मोकळा. मग रात्री बसून एचटीएमएलचा फॉर्म, पीएचपीची एक फाइल आणि मागे मायएसक्यूएलचं टेबल. व्हिडिओ बघत बघत दोन तासांत होतं सगळं. नावात ‘अबक’ टाकून सबमिट केलं, टेबलात एक ओळ दिसली, की झालं काम!

मला विचाराल तर काम इथून पुढे आहे. कारण उद्या त्या टेबलात ‘अबक’ नाही, तुमच्या वर्गातली माणसं येणार आहेत.

समजा, वसईची किंवा गोव्याची एखादी डिसूझा फॉर्म भरते. इंग्रजीत आडनाव लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देते आणि समोर एरर! होतं असं, की स्क्रिप्टमध्ये फॉर्ममधून आलेलं नाव उचलून सरळ इन्सर्टच्या वाक्यात चिकटवलेलं असतं. मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे डेटाबेसला त्याच एकेरी चिन्हावरून कळतं. त्याला वाटतं, नाव ‘डी’पाशीच संपलं आणि ‘सूझा’ ही पुढची आज्ञा आहे. ती त्याला समजत नाही, म्हणून तो थांबतो. यावर ग्रुपवर उत्तर काय येतं? ‘अगं, अपॉस्ट्रॉफी न देता भर ना!’ म्हणजे कोड तुमचा कच्चा आणि नाव बदलायचं तिने?

बरं, हे नावापुरतंच राहिलं असतं तरी चाललं असतं. डिसूझाकडून जे नकळत झालं तेच कुणी मुद्दाम करू शकतो. चिन्ह देऊन पुढे डेटाबेसला समजेल अशी आज्ञा लिहितो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. साइटवर ‘तुमचं रजिस्ट्रेशन तपासा’ असं पान याच पद्धतीने लिहिलेलं असेल, तर एका नावाऐवजी अख्खी यादी बाहेर येऊ शकते. त्या यादीत मुलींचे मोबाइल नंबर असतात, हे वेगळं सांगायला नको.

दोन्हीवर उपाय एकच आहे आणि तो अवघड नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. वाक्य वेगळं लिहायचं, किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवायची आणि नाव-नंबर वेगळे द्यायचे. मग नाव नावच राहतं, त्याची आज्ञा होत नाही. पीएचपीत यासाठी पीडीओ २००५ पासून आहे. जुनी ‘मायएसक्यूएल क्वेरी’वाली फंक्शन्स तर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. तुमच्या जर्नलमध्ये अजून तीच असतील, तर प्रॅक्टिकलला सरांना विचाराच.

जाता जाता: मोबाइल नंबरचा कॉलम ‘इंट’ ठेवू नका. त्यात २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही. जुन्या सेटिंगच्या सर्व्हरवर मग ९८ ने सुरू होणारा प्रत्येक नंबर हाच होऊन बसतो! आणि टेबल ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये ठेवा, नाहीतर देवनागरीत नाव लिहिणाऱ्याच्या वाट्याला नुसती प्रश्नचिन्हं येतात.

‘एवढं कशाला, गूगल फॉर्म आहे की,’ असं कुणी म्हणेल. छोट्या वर्कशॉपला खुशाल वापरा. पण तिथेही एक प्रश्न उरतोच: डान्सच्या स्पर्धेला आधार नंबर आणि घरचा पत्ता का मागता? मागितलंच नाही, तर फुटण्याचा प्रश्नच येत नाही. जे घ्याल तेही फेस्ट संपल्यावर पुसा. पुढच्या वर्षीच्या टीमला ‘उपयोगी पडेल’ म्हणून ते पेनड्राइव्हवर फिरत राहतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमचा फॉर्म तयार असेल, तर नावात एक अपॉस्ट्रॉफी टाकून सबमिट करून बघा. एरर आली, तर आज लिंक ग्रुपवर टाकू नका.