रंग गेला, विष गेले का?

चंडीगड : सांडपाण्यातील विषारी रसायने प्रकाश आणि अल्प विद्युतदाब यांच्या साह्याने मोडण्याचे तंत्र प्रयोगशाळांत रुळले आहे. चंडीगडलगत मोहालीतील नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतही प्रकाश-उत्प्रेरकांवर संशोधन होते. त्याची गरजही याच परिसराला आहे. लुधियानाचा बुढा नाला कापडरंगाईचे सांडपाणी सतलजमध्ये नेतो. बद्दीच्या औषधनिर्मिती पट्ट्यातून येणारी सिरसा नदीही सतलजलाच मिळते.

या तंत्राचे मूळ 1972 मधील अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांच्या प्रयोगात आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून त्यांनी पाण्याचे विघटन केले होते. प्रकाश पडताच अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनभारित पोकळी उरते. ही पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवते व तो प्रदूषकाचा रेणू फोडतो. मात्र सुटलेला इलेक्ट्रॉन क्षणार्धात पोकळीत परततो आणि प्रकाश वाया जातो. बाहेरून दिलेला विद्युतदाब त्याला दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे खेचून घेतो. शिवाय उत्प्रेरक इलेक्ट्रोडवरच बसवलेला असल्याने त्याची भुकटी पाण्यातून गाळण्याची कटकट उरत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारे अतिनील किरण सूर्यप्रकाशात जेमतेम 5 टक्के असतात, ही जुनी अडचण. त्याहून मोठी अडचण मोजमापाची आहे. अनेक प्रयोगांत शुद्ध पाण्यात एकच रंगद्रव्य मिसळलेले असते. नाल्याचे पाणी गढूळ असते, त्यात प्रकाश खोलवर शिरत नाही. त्यातील क्लोराइडपासून क्लोरीनयुक्त घातक संयुगेही बनू शकतात. रंग उडाला म्हणजे रेणू संपला, असेही नव्हे. काही अझो रंगांचे तुकडे मूळ रंगाहून अपायकारक ठरतात. एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला आणि पाण्याची विषाक्तता किती उरली, हेच खरे निकष.

प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी 2020 मध्ये काढला. 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. जे मोजण्याचे बंधनच नाही, ते काढण्यासाठी कारखानदार खर्च कशाला करील?

संपूर्ण नाला या तंत्राने धुऊन काढण्याची अपेक्षा अवाजवी आहे. जैविक प्रक्रियेनंतरही टिकून राहणारी औषधे व रंग कारखान्याच्या आवारातच, पाण्याचे प्रमाण कमी असताना मोडणे, हा त्याचा व्यवहार्य उपयोग. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतील कापडप्रक्रिया उद्योगालाही हाच हिशेब लागू पडतो.